शिंप्याचा दात

सुरुची दात फार छान काढायची. हे तोंडदेखलं कौतुक नव्हे. सांगलीच्या तिच्या दवाखान्यात दात निघून ट्रेमध्ये पडलेला असायचा आणि पेशंट विचारायचा, "मॅडम, कधी सुरुवात करताय?" पुढे यतिनच्या नोकरीपायी ती ऑस्ट्रेलियात आली, इथल्या परीक्षा देता देता जीव मेटाकुटीला आला, आणि अखेर टूवूंबातल्या एका सरकारी डेंटल क्लिनिकात लागली. तिथेही हाच लौकिक. अवघड दाढ आली की बाकीचे डॉक्टर म्हणायचे, "सुरीला हाक मारा." सुरुची म्हणताना त्यांची जीभ अडखळायची, म्हणून त्यांनी सुरी केलं होतं. दात काढणाऱ्या बाईला आपण काय म्हणतोय, हे त्या बापड्यांना कोण सांगणार?

त्या क्लिनिकात एके सकाळी सिऊ ब्लेह नावाचे म्हातारे आले. व्हिएतनामच्या डोंगराळ भागात जराई म्हणून लोक राहतात, त्यांच्यातले. सबंध टूवूंबात जराई घर एकच, आणि त्या घरात माणसं दोनच: हे आणि यांची मुलगी हलेन. बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. हलेन हॉस्पिटलात नर्स. त्या दिवशी तिला शिफ्ट बदलून मिळाली नाही, म्हणून वडिलांना दारात सोडून ती कामावर गेली. म्हातारबुवा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, लग्नाला आल्यासारखे खुर्चीत बसले.

त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. त्याआधी तोंडातलं सगळं इन्फेक्शन काढून टाका, असं हृदयाच्या डॉक्टरांनी कळवलं होतं. सुरुचीने आ करायला लावलं आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला. वरचे बहुतेक दात खिळखिळे, हिरड्यांतून पू. त्यातल्या त्यात पुढचे दोन बरे होते. म्हणजे हलत होते, पण तग धरून होते. आणि त्या दोघांच्या मधोमध, खालच्या कडेला, एक गुळगुळीत खाच होती.

खाच बघून सुरुचीला आनंद झाला. दातांच्या डॉक्टरांचे आनंद असेच जगावेगळे असतात. कॉलेजात सरांनी असा एक दात सगळ्या वर्गात फिरवून दाखवला होता. शिंप्याचा दात. माणसाने जन्मभर दोरा दातात धरून तोडला की अशी खाच पडते. सांगलीतही एक टेलर तिच्याकडे यायचे, त्यांचा दात हुबेहूब असाच. इतक्या लांब, या गावात तोच दात बघून तिला कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं. तिने फोनवरच्या दुभाष्याला सांगितलं, "विचारा ना, यांनी शिवणकाम केलंय का?"

दुभाषी व्हिएतनामी भाषेचा होता. जराईचा कुठून आणणार? म्हाताऱ्यांना व्हिएतनामी येत होतं, पण ते त्यांनी पोलीस चौकीवर उभं राहून शिकलेलं. त्या भाषेत कुणी अधिकाराने काही विचारलं की मान डोलवायची, एवढं आयुष्याने त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. त्यांनी मान डोलावली. हो, शिवणकाम केलंय. वरचे सगळे दात काढले तर चालतील? हो. नंतर कवळी बसवू? हो. काही विचारायचंय? नाही.

आता खरं सांगायचं तर पुढचे ते दोन दात ठेवता आले असते. स्वच्छ करून, जपून, अजून काही वर्षं त्यांनी काढली असती. सुरुचीच्या मनात ते आलंही. पण दोन दातांभोवती कवळी धड बसत नाही, आज ना उद्या तेही पडणारच, मग म्हाताऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा कशाला खुर्चीत बसवा? तिने सगळे काढले. इतक्या सफाईने काढले की म्हाताऱ्यांच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही. पुढचे दोन निघाले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, एवढंच.

निघताना तोंडात कापसाचा बोळा धरून त्यांनी ट्रेकडे बोट केलं. दात हवे होते. पण असिस्टंटने ते केव्हाच दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकले होते, आणि त्या डब्यात गेलेलं काही परत निघत नाही. "सॉरी," सुरुची म्हणाली. त्यांनी मान डोलावली.

झडप छान बसली. हिरड्याही भरल्या. सुरुचीने कवळी केली ती अगदी मन लावून. कवळी बसली की नाही हे बोलायला लावून बघतात, म्हणून तिने त्यांना सिक्स्टी सिक्स म्हणायला लावलं, फिफ्टी फाइव्ह म्हणायला लावलं. त्यांनी शाळकरी पोरासारखं म्हणून दाखवलं. कुठे शीळ वाजली नाही, कुठे थुंकी उडाली नाही. त्यांना आरसा दिला तर त्यात बघून ते हसले. त्या दिवशी सुरुची घरी जाऊन यतिनला म्हणाली, "आज एका आजोबांना मी वीस वर्षांनी तरुण केलं."

"मला कधी करतेस?" यतिन म्हणाला.

"आधी सगळे काढावे लागतील."

काही दिवसांनी म्हातारे परत आले, ते हलेनला घेऊन. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीतून त्यांनी एक बांबूची काठी काढली. तिच्यावर एकच तार, आणि बोटं ठेवायला चिकटवलेल्या चार-दोन खुंट्या. तारेला एक बारीक दोरा बांधलेला, आणि दोऱ्याच्या टोकाला नखाएवढी पातळ चकती.

"याला क्नी म्हणतात," हलेन म्हणाली. "बाबांना आता हे वाजवता येत नाहीये."

ती चकती दातात धरायची असते. बांबूच्या कामटीने तार घासायची. तारेचा कंप दोऱ्यातून चकतीत येतो आणि चकतीतून तोंडात. वीणेला भोपळा असतो, याला नाही. याचा भोपळा म्हणजे वाजवणाऱ्याचं तोंड. लहानपणी दोन काड्यापेट्यांना दोरा बांधून आपण टेलिफोन करायचो, तसला हा प्रकार. फरक इतकाच की इथे बोलणारी तार असते. आणि ती खरंच बोलते. आवाज तारेचा, पण तोंडात जीभ फिरवून वाजवणारा त्यातून शब्द काढतो. ज्याला कळतात त्याला कळतात, बाकीच्यांना नुसता सूर ऐकू येतो.

सुरुची चकतीकडे बघत राहिली. मग तिने ती दोन बोटांत धरून तिची कड बघितली. त्या खाचेत ती कड किती नेमकी बसली असती, हे तिच्या हाताला आधी कळलं आणि मग डोक्याला.

"हे मला कुणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली. म्हणता म्हणताच तिला उत्तर माहीत होतं. तिने विचारलं होतं ते शिवणकामाचं.

हलेनने वडिलांकडे बघितलं. "आई आणि हे तरुण असताना घरच्यांसमोर बोलता यायचं नाही. हे लांब बसून क्नी वाजवायचे. सगळ्यांना वाटायचं, पोरगा वाजवतोय. आईला एकेक शब्द कळायचा. मला निम्मे कळतात. माझ्यानंतर कुणाला कळायचा प्रश्नच नाही."

मग तिने खरी गोष्ट सांगितली. त्यांच्यात माणूस मेलं म्हणजे लगेच गेलं असं नसतं. ते थडग्याभोवतीच राहतं. घरच्यांनी तिथे जेवण न्यायचं, गप्पा मारायच्या. मग कधीतरी एक दिवस ठरवून, जेवण घालून, थडगं सोडायचं. त्या दिवशी मेलेलं माणूस खरं निघून जातं आणि जिवंत माणसंही मोकळी होतात. पुन्हा तिकडे फिरकायचं नाही. दोन वर्षं म्हातारे दर रविवारी बायकोला भात नेत होते. आता हलेनला देशाच्या पार उत्तर टोकाला, डार्विनच्या हॉस्पिटलात बढती मिळाली होती. वडिलांना एकटं ठेवता येत नव्हतं. जाण्याआधी थडगं सोडायला हवं होतं.

"मग सोडा ना," सुरुची म्हणाली.

"आईने मरताना बाबांना सांगितलंय, तुम्ही क्नीवर 'जा' म्हणालात तरच मी जाईन. हे काही आमच्या रीतीत नसतं. हे त्या दोघांचं आपापसातलं. तोंडाने सांगून बघा म्हटलं, तर म्हणतात, तोंडाने मी तिच्याशी भांडायचो. खरं बोलायचो ते यावर."

सुरुचीने पदर खोचला म्हणायचं, पण ती होती स्क्रब्जमध्ये. तो सगळा हिवाळा तिने त्या कवळीच्या नादात घालवला. पुढच्या दोन दातांत खाच कोरली. दोरा ताणला की कवळीच खाली यायची. चिकटवायची पेस्ट लावून झाली. टाळूचा भाग कापून जिभेला जागा करून झाली, तर कवळी बसेना. नवीन कवळी केली. शनिवारी म्हातारे आणि हलेन तिच्या घरी येऊ लागले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर कवळ्या, कानस, मेण. खिडकीबाहेर डोंगरावरून येणारा टूवूंबाचा बोचरा वारा. यतिन सगळ्यांना चहा करून द्यायचा.

"घराचा पार कारखाना केलायस," तो एकदा म्हणाला. "अगं, शंभर लोकांना दात दिलेस. एकाचं नाही जमत, तर लेट इट गो ना."

"काढले मी आहेत."

"मेडिकली बरोबर होतं की नाही? मग?"

"बरोबर होतं," सुरुची म्हणाली. "म्हणूनच तर कुणी मला काही बोलत नाहीये."

म्हातारे तर तिला मुळीच बोलत नव्हते. दर वेळी नवी कवळी घालायचे, काठी पोटाशी टेकवायचे, चकती धरायचे आणि कामटी फिरवायचे. कधी खर्रखर्र यायची, कधी एखादा सूर. सुरुची आशेने हलेनकडे बघायची. हलेन नाही म्हणायची. मग म्हातारे कवळी काढून, धुऊन, रुमालाने पुसून तिच्या हातात द्यायचे आणि जराईत एक शब्द म्हणायचे. "थँक यू म्हणतायत," हलेन सांगायची. ते ऐकून सुरुचीला रडू यायचं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर तिला जेवण गेलं असतं.

खरा दात हाडात रुतलेला असतो. कंप दातातून हाडात जातो, हाडातून सगळ्या तोंडात. कवळी नुसती हिरडीवर बसते. तिथे येऊन कंप विझतो. हे सुरुचीला कळायला उशीर झाला असं नाही. मान्य करायला झाला. मग तिने शेवटचा उपाय म्हणून हाडात स्क्रू बसवता येतील का ते बघितलं. मोठा एक्स-रे काढला. दात गेले की वरचं हाड झिजत जातं, आणि यांचं आधीच पुवाने खाल्लेलं. स्क्रू बसवायला कागदाएवढं हाड उरलं होतं. ते दोन दात असते तर तेवढ्यापुरतं हाड टिकलं असतं, हेही त्या एक्स-रेत स्वच्छ दिसत होतं. ते बघणारी खोलीत ती एकटीच होती.

डार्विनला निघायच्या आदल्या दिवशी ते थडगं सोडायला गेले. हलेनने सुरुचीला बोलावलं होतं. स्मशान म्हणजे नुसतं हिरवळीचं मैदान, गवतात बसवलेल्या पितळी पाट्या. दुपारचं लख्ख ऊन होतं. हलेनने चादर अंथरून भात, कोंबडी, केळी मांडली. म्हातारे तोच पांढरा शर्ट घालून, बटणं लावून पाटीसमोर बसले.

त्यांनी चकती धरली आणि पहिल्याच ओढीला कवळी खाली आली. पुन्हा बसवली, पुन्हा आली. मग त्यांनी ती सरळ काढली, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि चकती नुसत्या हिरड्यांत दाबून वाजवायला लागले.

आणि सूर आला. या सगळ्या महिन्यांत कधी आला नव्हता असा. हलका, ओलसर, जरा घोगरा, माणसाच्या गळ्यातून यावा तसा. आलं, आलं, असं सुरुची मनाशी म्हणत राहिली. डोळे वाहायला लागले ते तिने पुसलेही नाहीत. तेवढ्यात एक मॅगपाय पक्षी गवतातून टुणटुणत आला, आपला काळा-पांढरा झगा सावरत भाताशी थांबला आणि त्याने चोच घातली.

"शिवला!" सुरुचीच्या तोंडून मराठीच निघालं.

सूर थांबला. हलेनने विचारलं, काय झालं? सुरुचीने सांगितलं, आमच्यात गेलेल्या माणसाला भाताचा पिंड ठेवतात. त्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. शिवला म्हणजे जीव सुटला. हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. सगळं काही जुळून आलंय, असं त्या क्षणी तिला अगदी मनापासून वाटत होतं.

हलेनने ते वडिलांना सांगितलं. त्यांनी पक्ष्याकडे बराच वेळ बघितलं. मग टाळी वाजवून त्याला हाकललं आणि काहीतरी म्हणाले.

"म्हणतायत, त्याला भूक लागली होती."

"पण आत्ता वाजत होतं ना?" सुरुची म्हणाली. "किती सुंदर वाजत होतं. काय म्हणाले ते?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यात शब्दच नव्हते, डॉक्टर." हलेनचा आवाज रागाचा नव्हता, नुसता दमलेला होता. "बोलायला न शिकलेलं मूल रडतं ना, तसं होतं ते."

म्हाताऱ्यांनी काठी पिशवीत घातली. मांडलेलं जेवण त्यांनी आवरू दिलं नाही. थडगं सोडायचं जेवण आता नेहमीच्या रविवारचं जेवण झालं होतं. ते उठले, सुरुचीपाशी आले आणि तिचा हात हातात घेऊन बोलायला लागले. इतकं बोलताना तिने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. हलेन मध्येच त्यांना थांबवायला गेली, पण ते थांबले नाहीत.

"म्हणतायत, तू याच गावात राहतेस. त्यांना परत यायला जमेपर्यंत तू आईला भात नेशील का?" हलेन खाली बघत म्हणाली. "तू नाही म्हणू शकतेस. खरंच."

डार्विन किती लांब आहे, हे तिघांनाही ठाऊक होतं. म्हातारे परत येणार नाहीत, हेही तिघांना ठाऊक होतं. सुरुचीने मान डोलावली.

तेव्हापासून दर रविवारी ती डबा घेऊन जायला लागली. सुरुवातीला तिला काय बोलावं कळेना. जराई येत नाही, इंग्रजी त्या बाईला कधी आलं नव्हतं. मग ती मराठीतच, "जेवून घ्या," म्हणायची आणि गवतावर बसून राहायची. तिची पाठ वळली की मॅगपाय यायचे. कधी कधी तर पाठ वळायचीही वाट बघायचे नाहीत.

"किती दिवस नेणार आहेस?" यतिनने एकदा विचारलं. त्याचं मेलबर्नला, वेरिबीकडे राहायला जायचं चाललं होतं. ओळखीची सगळी मराठी मंडळी तिकडेच होती.

"माहीत नाही," सुरुची म्हणाली, आणि ते खरं होतं.

डार्विनला पावसाळा लागला त्या सुमारास हलेनचा मेसेज आला. बाबा गेले. झोपेत गेले. झडप शेवटपर्यंत उत्तम चालली होती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्यांना तिथेच पुरलं. क्नी त्यांच्याबरोबर ठेवली. त्यांचं थडगं मी सोडेन, पण आईचं मला सोडता येणार नाही, ते माझ्या हातात नाही. तू आता नाही गेलीस तरी चालेल.

रविवारी सुरुची गेली. यतिनही बरोबर आला, तिला एकटीला सोडवेना म्हणून. तिने डबा उघडून भात ठेवला. मग पाटीवरची धूळ हाताने झाडली आणि म्हणाली, "ते गेले हो. मागच्या आठवड्यात. आता तुम्हीपण जा."

वारा होता, गवत हलत होतं. दूर कुणीतरी मशीनने गवत कापत होतं. 'जा' म्हणायला एकच माणूस होता आणि तो शब्द ठेवायची त्याची जागा तिने स्वतःच्या हाताने काढून पिवळ्या डब्यात जाऊ दिली होती. एवढ्या सफाईने, की त्याला दुखलंसुद्धा नाही. ही बाई आता इथेच राहणार. आपण वेरिबीला जाऊ, हे मैदान भरेल, पाटी झिजेल, आणि ही भाताची वाट बघत राहील. आणि आपण कुठेही गेलो तरी रविवार उजाडणारच.

मॅगपाय आला. मान वाकडी करून त्याने दोघांकडे बघितलं आणि भातात चोच घातली. आणखी दोन आले. बघता बघता शितन् शीत संपलं.

यतिनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बघ, शिवला," तो हळूच म्हणाला. "सुटली ती. झालं आता."

"त्यांना भूक लागली होती," सुरुची म्हणाली, आणि तिने डब्याचं झाकण लावलं.